फोटो भिंतीवर, लॅपटॉप कपाटात

पत्र (थोडक्यात): "कोल्हापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. २०१३ मध्ये घेतलेला १३ इंची मॅकबुक प्रो (२०१२ च्या मध्याचं मॉडेल, सीडी ड्राइव्हवालं) दहा वर्षं राबला. त्यावर पानं मांडायचं इनडिझाइन सीएस६ आणि जुने देवनागरी फॉन्ट आहेत. सिस्टीम जुनी योसेमिटीच (१०.१०) राहिली, त्यामुळे निम्म्या वेबसाइट उघडत नाहीत. वर्षभर तो रडतखडत सुरू व्हायचा. आता नुसतं प्रश्नचिन्हाचं फोल्डर लुकलुकतं. एका सेवा केंद्रात सांगितलं, 'मॉडेल ऑब्सोलीट (कालबाह्य) झालंय, नवीन घ्या.' दुकानात स्टीव्ह जॉब्सचा फोटो आहे. इंजिनीअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, हा माणूस कसा वागायचा ते आधी वाचा. मला वाटतं, जॉब्स असता तर कंपनी अशी वागली नसती. मशीन टाकून देऊ का? पुढचं त्याच कंपनीचं घेऊ का? मन धजत नाही."

उत्तर:

मशीन टाकू नका. ते बहुतेक एका चपट्या केबलपायी अडलंय, आणि ती तुम्ही स्वतः घरी बदलू शकता. त्याची कृती पुढे सविस्तर आहे. पण "जॉब्स असता तर" या वाक्यावर तुम्ही पुढच्या खरेदीचा निर्णय टांगून ठेवला आहे, म्हणून आधी ते वाक्य तपासू.

तुम्हाला खुपतंय ते बंद पेटीचं धोरण. आतलं काही बदलता येत नाही, पार्ट मिळत नाहीत, आयुष्य संपलं की नवीन घ्या. ही रीत जॉब्सनंतर आलेल्या टिम कुकनं आणली नाही. १९७७ च्या अॅपल टू या संगणकात जादा कार्ड बसवायला आठ खाचा होत्या, त्या जॉब्सचा भागीदार स्टीव्ह वोझ्नियाक याच्या हट्टामुळे. जॉब्सच्या मते दोन पुरेशा होत्या, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. २४ जानेवारी १९८४ ला पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा जॉब्सनं आपलं म्हणणं खरं केलं. त्यात एकही खाच नव्हती, १२८ केबी मेमरी बोर्डावर डाखून टाकलेली होती, आणि पेटीचे वरचे स्क्रू टी१५ टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या) जातीचे, मुठीच्या खोबणीत इतके खोल की त्या काळी घरोघरच्या स्क्रूड्रायव्हरनं ते निघतच नसत. त्याच पेटीच्या आतल्या बाजूला मात्र मशीन घडवणाऱ्यांच्या सह्या कोरल्या होत्या. म्हणजे ग्राहकानं जिथं डोकवायचं नाही तिथं कारागिरांची नावं! आम्हाला तरी जॉब्सचा अख्खा स्वभाव या एका पेटीत सापडतो.

पुढेही तेच. जानेवारी २००८ मध्ये पाकिटातून काढून दाखवलेल्या मॅकबुक एअरची रॅम बोर्डावर पक्की होती, आणि ते पाकीट जॉब्सच्याच हातात होतं. आयफोन ४ ला पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू आले ते त्याच्या हयातीत. २०१० मध्ये चीनमधल्या शेन्झेनला, अॅपलची यंत्रं जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात कामगारांच्या आत्महत्या झाल्या तेव्हाही कंपनी तोच चालवत होता. गंमत अशी की तुमचं उघडता येणारं मॉडेल बाजारात आलं जून २०१२ मध्ये, जॉब्स जाऊन आठ महिने झाल्यावर. त्याच दिवशी रॅम डाखलेला आणि बॅटरी चिकटवलेला रेटिना मॅकबुक प्रोही आला. कंपनीनं पुढे त्याचीच वाट धरली.

तेव्हा जॉब्स चांगला आणि कंपनी वाईट अशी वाटणी करता येत नाही. उलटी वाटणीही तुमच्या मुलाला करता येणार नाही. माणसाबद्दल तो म्हणतो ते खरं आहे. १९७८ मध्ये जन्मलेल्या लिसाचं पितृत्व जॉब्स बराच काळ नाकारत राहिला. १९७४ मध्ये त्याच्याबरोबर भारत हिंडलेला डॅनियल कॉटकी अॅपलच्या अगदी सुरुवातीच्या नोकरांपैकी एक होता, तरी डिसेंबर १९८० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा जॉब्सनं त्याला काहीही दिलं नाही. वोझ्नियाकनं मात्र आपले शेअर काढून त्याच्यासारख्यांना दिले. एकमेकांचे इंजिनीअर पळवायचे नाहीत असा छुपा करार केल्याबद्दल अॅपल, गुगल, इंटेल आणि अडोबी यांना २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. त्या करारात जॉब्सचा स्वतःचा हात होता. म्हणजे तुमच्या दुकानातलं मशीन आणि त्यावरचं इनडिझाइन, दोन्ही बनवणाऱ्या कंपन्या त्यात आल्या.

आणि तरीही तुमचा धंदाच त्या माणसाशिवाय याच रूपात उभा राहिला नसता. मॅक, अॅपलचा लेझररायटर प्रिंटर, त्यात पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि वर आल्डस कंपनीचं पानं मांडायचं पेजमेकर, हे चौघं १९८५ मध्ये एकत्र आले आणि डीटीपी सुरू झालं. अडोबी अगदी नवखी असताना तिच्यात पैसे घालून पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरमध्ये बसवायचा आग्रह जॉब्सचा होता. त्याच वर्षी अॅपलमधून बाहेर पडून त्यानं नेक्स्ट ही संगणक कंपनी काढली. तो संगणक फारसा विकला गेला नाही, पण टिम बर्नर्स-लीनं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा पहिला सर्व्हर आणि ब्राउझर त्याच्यावर लिहिला. डिसेंबर १९९६ मध्ये अॅपलनं नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं आणि तिची सिस्टीम मॅकच्या पोटात गेली. मॅकचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आजही पावलोपावली 'एनएस'नं सुरू होणारी नावं भेटतात. ती नेक्स्टस्टेपची, म्हणजे नेक्स्टच्या सिस्टीमची, खूण.

फोटो ठेवायचा की काढायचा हा तुमच्या भिंतीचा प्रश्न. आम्हाला विचाराल तर राहू द्या, फक्त शेजारी वोझ्नियाकचा लावा. मुलाशी वाद घालण्यापेक्षा स्वस्तात पडेल.

आता मशीन. प्रश्नचिन्हाचं फोल्डर म्हणजे मशीनला सिस्टीम असलेली डिस्क सापडत नाही. पडदा उजळतो, चित्र उमटतं, म्हणजे बोर्ड बहुतांशी शाबूत आहे. संशयित दोनच: हार्ड डिस्क, किंवा डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल. या मॉडेलची ती केबल बदनाम आहे. कागदासारखी पातळ पट्टी अॅल्युमिनियमच्या खरखरीत कवचावरून जाते आणि कोपऱ्यात काटकोनात वळते. लॅपटॉप उचल-ठेव करताना घासून आणि वळणावर दमून तिच्यातल्या बारीक तारा तुटतात. तडा अर्धवट असतो तेव्हा मशीन हळू होतं, मध्येच गोठतं, रंगीत चक्र फिरत राहतं. पूर्ण तुटली की प्रश्नचिन्ह. तुमचं रडतखडत गेलेलं वर्ष या वर्णनात तंतोतंत बसतं.

तपासणीला पीएच०० फुली स्क्रूड्रायव्हर, टी६ टॉर्क्स, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती प्लास्टिकची चपटी काडी आणि अडीच इंची साटा डिस्कसाठी यूएसबी ३ चं केसिंग एवढं लागेल. मशीन बंद करून चार्जर काढा आणि पालथं घाला. खाली दहा स्क्रू आहेत, त्यांपैकी तीन सुमारे १४ मिलीमीटर लांब, सात आखूड. कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथंच चिकटपट्टीनं लावून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या भोकात रेटला की आटे जातात, मग झाकण कायमचं किंचित उघडं राहतं.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काडीनं सरळ वर उचला. बाजूला ओढू नका, कारण त्यानं सॉकेटच बोर्डावरून उखडतं, आणि मग मात्र सेवा केंद्राचं म्हणणं खरं होईल. डिस्कच्या बाजूची काळी प्लास्टिकची पट्टी दोन स्क्रूंवर आहे. हे स्क्रू पट्टीतून सुटत नाहीत, नुसते सैल करा. डिस्क वर उचला आणि टोकाचं साटा कनेक्टर हळू हलवत काढा. डिस्कच्या कडांना चार टी६ खुंट्या आहेत, त्या काढून जपा. नव्या डिस्कसोबत त्या येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय ती जागेवर बसत नाही.

जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडा. बॅटरी पुन्हा जोडा, झाकण नुसतं टेकवा, ऑप्शन कळ दाबून धरत मशीन सुरू करा आणि यादीत दिसेल ती डिस्क निवडा. सुरू झालं तर डिस्क ठीक, केबल गेली. यादीत आलीच नाही किंवा आतून टकटक आवाज आला, तर डिस्क गेली. तशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका आणि डिस्क युटिलिटीचं 'फर्स्ट एड' तर मुळीच चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला ते श्रम झेपत नाहीत. लिनक्स येणाऱ्या कुणाकडून जीएनयू डीडीरेस्क्यूनं आधी प्रत काढून घ्या. वाचता येतो तो भाग ते आधी उतरवतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं.

केबल घेताना दुकानदाराला मॉडेल ए१२७८, २०१२ मध्य असं सांगा आणि ८२१-२०४९-ए हा क्रमांक छापलेलीच मागा. मुळात आलेली ८२१-१४८०-ए होती, ही तिची सुधारलेली आवृत्ती. २०११ च्या मॉडेलची दिसायला सारखी असते, पण ती घेऊ नका. पुढच्या कडेचा झोपेचा दिवा आणि रिमोटचा सेन्सर याच केबलवर आहेत, म्हणून शक्यतो कंसासकट घ्या. बसवण्यापूर्वी केबल जिथून जाते तिथं कवचावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवा. कोपऱ्यात केबलला नखानं घडी पाडू नका, गोलसर वळू द्या. एवढं केलं नाही तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच प्रश्नचिन्ह.

उघडलंच आहे तर आणखी दोन गोष्टी करा. जुन्या डिस्कऐवजी अडीच इंची, ७ मिलीमीटर जाडीची साटा एसएसडी बसवा, ५०० जीबी पुरते. (एम.२ म्हणजे कार्डाच्या पट्टीसारखी एसएसडी नको, तिला इथं जागा नाही.) आणि रॅम: दोन खाचा आहेत, डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ, २०४ पिनांची लॅपटॉप रॅम. कंपनी कागदावर ८ जीबी सांगते, पण ८-८ च्या दोन मिळून १६ जीबी व्यवस्थित चालते. १.३५ व्होल्टची घेतली तरी हरकत नाही, फक्त दोन्ही एकाच जातीच्या घ्या. बाजूचे चिमटे बाहेर ढकलले की रॅम तिरकी उठते. नवी तिरकीच आत सारा, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की मग खाली दाबा. अर्धवट बसली तर मशीन बोलून दाखवतं: दर पाच सेकंदांनी एक बीप म्हणजे रॅम सापडली नाही, तीन बीप आणि विराम म्हणजे सापडली पण सदोष आहे. बहुतेक वेळा काढून पुन्हा नीट बसवली की भागतं.

सिस्टीमची क्रमवारी मात्र चुकवू नका. एसएसडी आत बसवा, जुन्या डिस्कवरून यूएसबीनं सुरू करा आणि योसेमिटीच्या डिस्क युटिलिटीत एसएसडीचं पार्टिशन करताना ऑप्शन्समध्ये जीयूआयडी निवडा, फॉरमॅट 'मॅक ओएस एक्स्टेंडेड (जर्नल्ड)'. इथं एमबीआर ही जुनी मांडणी राहिली तर पुढे नवी सिस्टीम बसणार नाही. मग कार्बन कॉपी क्लोनर या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामच्या, योसेमिटीवर चालणाऱ्या जुन्या आवृत्तीनं अख्खी डिस्क एसएसडीवर उतरवा. सगळं नव्यानं बसवण्याच्या मोहात पडू नका. सीएस६ इतकं जुनं झालंय की नव्यानं अॅक्टिव्हेट होईल याची खात्री नाही, चालू असलेलं तसंच उचलून नेणं सुरक्षित. शेवटी सिस्टीम प्रेफरन्सेसमधून स्टार्टअप डिस्क म्हणून एसएसडी निवडा. हे राहिलं तर दर वेळी पांढऱ्या पडद्यावर मशीन उगीच रेंगाळतं.

आता वरच्या सिस्टीमकडे. या मशीनवर कंपनी कॅटालिनापर्यंत (१०.१५) जाऊ देते. तुम्ही मोहावीवर (१०.१४) थांबा. इनडिझाइन सीएस६ हा ३२-बिट प्रोग्राम आहे आणि कॅटालिनानं ३२-बिट प्रोग्राम चालवणंच बंद केलं. मोहावीवर सीएस६ बहुधा जुनं जावा ६ मागेल. ते अॅपलच्याच साइटवरून घ्या, शोधात वर दिसेल त्या कुठल्याही साइटवरून नको. चढवताना मोहावी डिस्क आपोआप एपीएफएस या नव्या फॉरमॅटमध्ये बदलते. बाहेरची एसएसडी असल्यानं ट्रिम (एसएसडीतली पुसलेली जागा मोकळी करणारी सोय) आपणहून सुरू होत नाही. टर्मिनलमध्ये 'sudo trimforce enable' ही आज्ञा द्या, दोनदा होकार द्या, मशीन स्वतःच पुन्हा सुरू होईल.

वेबसाइट उघडत नाहीत याचं कारण मशीनचा वेग नाही. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस अनेक वेबसाइटची ओळख पटवणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि त्याच्या जागी आलेलं योसेमिटीच्या पेटाऱ्यात नाही. मोहावीत ते आहे. ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ११५ ही दीर्घकालीन आवृत्ती घाला, तो आपली प्रमाणपत्रं स्वतःबरोबर बाळगतो. पण मोहावीला सुरक्षा अपडेट २०२१ नंतर मिळालेले नाहीत, तेव्हा बँक, जीएसटी आणि ग्राहकांचे अनोळखी पेनड्राइव्ह या मशीनपासून दूर ठेवा. ओपनकोअर लेगसी पॅचर हा बाहेरचा प्रोग्राम वापरून याहून नव्या सिस्टीम चढवता येतात, पण या मशीनच्या ग्राफिक्सचा आधार अॅपलनं मॉन्टेरी (१२) या सिस्टीमपासून काढला आहे, त्यामुळे अपडेटनंतर पॅच पुन्हा चढवत बसावं लागतं. धंद्याच्या मशीनवर ही हौस नको.

बॅटरीचंही पाहून घ्या. ट्रॅकपॅड दाबला जात नसेल किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसत असेल तर ती फुगली आहे. टोचू नका, दाबू नका, मशीन वापरू नका, बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्या. तिच्या स्क्रूंना तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग लागतो आणि नवी ए१३२२ या क्रमांकानं मिळते. "बॅटरी काढून टाका, चार्जरवर चालवा" असा सल्ला ऐकू नका. बॅटरी नसली की हे मशीन प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतं आणि एसएसडी घातल्याचा फायदा धुऊन जातो.

सेवा केंद्र तुमच्याशी खोटं बोललेलं नाही. विक्री थांबून पाच वर्षं झाली की अॅपल मॉडेलला व्हिंटेज म्हणते, सात झाली की ऑब्सोलीट, आणि तुमच्या मॉडेलची विक्री ऑक्टोबर २०१६ मध्ये थांबली. फक्त 'ऑब्सोलीट' हा त्यांच्या पार्टच्या कपाटाबद्दलचा शब्द आहे, तुमच्या मशीनबद्दलचा नाही.

राहिला नव्याचा प्रश्न. कंपनीचे जॉब्सनंतरचे हिशेबही उघडे आहेत. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग न सांगता कमी केला, डिसेंबर २०१७ मध्ये माफी मागून अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. पार्ट सॉफ्टवेअरनं मशीनशी जखडण्याच्या प्रकाराला अमेरिकेतल्या ओरेगननं २०२४ मध्ये कायद्यानं चाप लावला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉनमधल्या कामगार बायकांना डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली, त्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा अॅपलनं तो कारखाना प्रोबेशनवर, म्हणजे सुधारणा होईपर्यंत देखरेखीखाली, टाकला. यात तुम्हाला चालणारं किती, न चालणारं किती, ते तुम्हीच ठरवा. पण दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप घेतला म्हणजे हात स्वच्छ राहतात असं समजू नका. फॉक्सकॉन इतर कंपन्यांचीही यंत्रं जोडते.

अॅपलचंच घेतलंत तर लक्षात ठेवा, आताच्या मॅकबुकमध्ये रॅम प्रोसेसरच्याच चिपच्या वेष्टनात असते, नंतर वाढत नाही. इनडिझाइनसाठी किमान १६ जीबी, जमल्यास २४, हे पैसे पहिल्याच दिवशी द्या. आतल्या साठ्यावर मात्र जास्त खर्च नको, २५६ किंवा ५१२ जीबी घेऊन फायली बाहेरच्या यूएसबी-सी एसएसडीवर ठेवा. दुसऱ्या कंपनीचं घेणार असाल तर दुकानात जाण्याआधी त्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. रॅमची खाच आणि एम.२ ची जागा त्यात चित्रासकट दिसली तरच घ्या. मॅन्युअल सापडतच नसेल तर ते मॉडेल सोडा.

आम्ही तुमच्या जागी असतो तर आधी केबल, एसएसडी आणि रॅम घालून हे मशीन छपाईच्या जुन्या कामापुरतं इंटरनेटविना चालवलं असतं आणि नव्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला असता. त्या सहा महिन्यांत नियमित ग्राहकांच्या जुन्या फायलींची एक प्रत अक्षरांच्या आउटलाइन (नुसते आकार) करून पीडीएफमध्ये काढा आणि त्या फाइलमधले फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. निदान एक दिवाळी अंक छापून जाईपर्यंत ती केसिंगमध्ये, तारीख लिहून, कपाटात राहू द्या.